फिलिपिन्सची निर्यात आणि झिम्बाब्वेची गळती

परदेशी जाणाऱ्या नर्सेसचा विषय निघाला की कुणीतरी फिलिपिन्सचं उदाहरण तोंडावर फेकतंच. ‘त्यांनी बघा, नर्स पाठवून देश चालवला! मग आफ्रिकेतले देश कशाला रडतात?’ हे इतक्या वेळा वाचलंय की आता डोकं उठतं. नर्स विमानात बसते, एवढंच दोन्हीकडचं साम्य.

फिलिपिन्सची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून उरकतो. १९७४ च्या कामगार कायद्यापासून, म्हणजे हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीपासून, माणसं बाहेर पाठवणं हे तिथलं उघड सरकारी धोरण. नर्सिंग कॉलेजं बहुतांश खासगी; फी घरचे भरतात, तीही परदेशावर डोळा ठेवून. २००० नंतरच्या काही वर्षांत तर हजारो डॉक्टर नर्सिंगचा कोर्स करून अमेरिकेची वाट धरत होते. बाहेरून येणारा पैसा जीडीपीच्या आठ-नऊ टक्क्यांच्या घरात. आपल्या केरळची कहाणी याच वळणाची. मुंबईत मल्याळी सिस्टरशी दोन मिनिटं बोला, तिच्या बॅचमधलं कुणी ना कुणी आखातात निघतंच.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत मात्र नर्स घडते ती मुख्यतः सरकारी हॉस्पिटलला जोडलेल्या शाळेत, सरकारी खर्चाने, त्याच हॉस्पिटलसाठी. २००० नंतर अर्थव्यवस्था कोसळली, २००८ च्या महागाईत पगाराच्या नोटांना किंमतच उरली नाही, आणि माणसं दक्षिण आफ्रिका, ब्रिटन असं जिथे जमेल तिथे निघाली.

भाषा, व्हिसा, कोण कुठे जातं हे फरक असू देत. ‘पण घरी पैसे पाठवतात ना?’ हाही मुद्दा मला फारसा पटत नाही. ते पैसे घरात जातात आणि जायलाच हवेत. त्यातून वॉर्डात माणूस उभा राहत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. नर्स गेल्यावर तिच्या जागी कोण येतं?

लोक इथेच घसरतात, कारण ते डोकी मोजतात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड घ्या. रात्रपाळी, एक किलोचं बाळ, शीर दोऱ्याएवढी. मुरलेली सिस्टर अंधुक उजेडातही सुई एका प्रयत्नात लावते. मॉनिटर ओरडायच्या आधी बाळाच्या ओठांचा रंग तिच्या नजरेला खटकतो. डॉक्टरला आत्ता उठवायचं की दहा मिनिटं थांबायचं, हेही तिला कळतं. ती गेली, तिच्या जागी नुकतीच पास झालेली मुलगी आली. हजेरीपटावर एक वजा, एक अधिक, हिशेब चोख. पण या मुलीला शिकवणार कोण? शिकवणारीच तर गेली. वॉर्डातल्या दोन जुन्या सिस्टर गेल्या की तिसरीवर एवढा भार पडतो की तीही फॉर्म भरायला घेते.

घानात हा घोळ अगदी उघडा दिसतो. तिथे सरकारी पैशातून नर्स शिकतात, पास होतात आणि नेमणुकीची वाट बघत घरी बसतात, कारण सरकारकडे पगाराला पैसा नाही. म्हणजे नर्स बेकार आणि वॉर्डही अपुरे, दोन्ही एकाच वेळी! मग काहीजण म्हणतात, बेकार आहेतच, तर पाठवा की बाहेर. पण परदेशाला अशा नवख्या नकोच असतात. २०२० मध्ये घानाने करार करून बार्बाडोस या कॅरिबियन बेटाला ९५ नर्स पाठवल्या, त्या अतिदक्षता, ऑपरेशन थिएटर अशा कामांत तयार झालेल्या. घरी बसलेली मुलगी घरीच राहिली.

आता हीच फूटपट्टी फिलिपिन्सला लावा. तिथेही परदेशी नोकरीला अनुभवाचा दाखला लागतो. तो मिळावा म्हणून नव्या नर्स हॉस्पिटलांत बिनपगारी ‘व्हॉलंटिअर’ म्हणून राबल्या आहेत, काहींनी तर उलट हॉस्पिटललाच पैसे मोजलेत. हाताला वळण लागलं की त्या निघाल्या. संख्येत देश भरलेला, अनुभवात सतत नवशिका. तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी निर्यात आणि आयसीयूच्या दाराशी गळती, असं एकाच देशात चालू शकतं. फिलिपिन्सला यशोगाथा म्हणणाऱ्यांनी कधी तिथल्या सरकारी हॉस्पिटलचा हजेरीपट बघावा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची यादीसुद्धा इथे तोकडी पडते. त्यात ५५ देश आहेत, घाना, नायजेरिया, झिम्बाब्वे धरून, आणि तिथून सक्रिय भरती करू नये असं सांगितलंय. निकष काय, तर लोकसंख्येमागे डॉक्टर, नर्स, सुईणी किती आणि आरोग्यसेवा कुठवर पोचतात. यादी कामाची आहे, पण कोण किती मुरलेलं, हे तिला दिसत नाही.

आणि बंदी हा उपाय तर मला अजिबात मान्य नाही. झिम्बाब्वेने नर्सेसच्या पात्रतेची खातरजमा करणारी, परदेशात नर्स म्हणून नोंदणीला लागणारी पत्रं अडवून बघितली. ब्रिटनने २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा खुला केला होताच, आणि त्या कामाला नर्स म्हणून नोंदणी लागत नाही. तेव्हा कित्येक नर्स पत्राशिवायच गेल्या, आणि वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायच्या कामाला लागल्या.