उस्मानी लग्नातल्या दोन मिरवणुका: एक सामानाची, एक नवरीची

उस्मानी (ऑटोमन) काळातल्या तुर्की लग्नाचं चित्र पाहिलं की वाद्यं, जनावरं आणि दुतर्फा गर्दी एवढंच डोळ्यांत भरतं, आणि आपण ‘नवरीची वरात’ म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा त्या चित्रात नवरी नसतेच. एकाच लग्नात, माहेरून सासरी, दोन वेगवेगळ्या मिरवणुका जात: ‘चेयिझ आलायी’ सामानाची आणि ‘गेलिन आलायी’ खुद्द नवरीची.

इस्तंबूलकडच्या रीतीनुसार सोमवारी सामान निघे, मंगळवारी नवरीचं हमाम म्हणजे समारंभाचं न्हाण, बुधवारी मेंदीची रात्र आणि गुरुवारी नवरीची पाठवणी. इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे गुरुवारची रात्र शुक्रवारची धरतात आणि ती शुभ. सामान आधी जाण्याचं कारण अगदी व्यवहाराचं: माहेरच्या बायका सासरी जाऊन नवरीची खोली मांडत, गाद्या-पडद्यांपासून भरतकामापर्यंत सगळं लावत, आणि शेजारणी ते बघायला येत. आपल्या रुखवताशी याचं नातं जवळचं वाटतं.

या सामानाला हुंडा म्हणणं मात्र साफ चूक. हुंडा नवऱ्याकडच्यांच्या हाती जातो. चेयिझ, म्हणजे हे सामान, इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेप्रमाणे बायकोच्याच मालकीचं राही. वाद झाला तर ती काझीकडे जाऊन ते मागू शके. गाद्या, रजया, तांब्याची भांडी, शेगडी, पेट्या, कपड्यांची बासनं असं सगळं उघडपणे, वाजतगाजत नेण्यात मिरवणं होतंच. पण कोणतं सामान कोणत्या घरातून आलं याला सगळा मोहल्ला साक्षीदार होई, हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. मेहेर याहून निराळा: तो नवऱ्याने बायकोला द्यायचा. काही भाग लग्नाच्या वेळी, उरलेला तलाक किंवा मृत्यूनंतर.

1836 साली सुलतान दुसऱ्या महमूदची मुलगी मिहरिमाह हिच्या लग्नात प्रशियन अधिकारी मोल्टके याने सामानाची मिरवणूक पाहिली. मालाने लादलेली खेचरं, मग गाड्या, मग डोक्यावर चांदीची मोठी तबकं घेतलेली माणसं. सामानाच्या मिरवणुकीची खूण हीच: प्रत्येक वस्तू दिसेल अशी न्यायची.

नवरीच्या मिरवणुकीत नेमकं उलट. जी मुख्य, तीच झाकलेली. शहरात ती पडदे सोडलेल्या गाडीत बसे. अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, खेड्यांत घोड्यावर, लाल ओढणीखाली. पुढे निशाणवाला, दावूल (ढोल) आणि झुर्ना (सनईसारखं वाद्य), सोबत ‘येंगे’ म्हणजे पाठराखीण. निघण्याआधी वडील किंवा भाऊ तिच्या कमरेला पट्टा बांधत. अडवणूक दोन्ही वेळेला होई, पण जागा वेगळी: सामान निघताना नवरीचा भाऊ पेटीवर बसून पैसे मागे, नवरी निघताना दार अडवलं जाई. खेड्यात सासरी पोचल्यावर नवरी घोड्यावरून लगेच उतरतही नसे. सासऱ्याने काहीतरी देऊ केलं की मगच उतरे. पुढे उंबऱ्याशी डोक्यावरून नाणी उधळत.

सर्वांत जास्त घोटाळा करतात ते ‘नहिल’. लाकडी दांड्याभोवती तारा आणि मेणाची फुलं-फळं लावून केलेले, झाडासारखे उंच सांगाडे. ते दिसले म्हणून मिरवणूक नवरीची ठरत नाही, किंबहुना लग्नाचीही ठरत नाही, कारण शहजाद्यांच्या सुंतेच्या उत्सवातही ते निघत. 1675 साली एदिर्ने शहरात सुलतान चौथ्या मेहमेदने मुलांची सुंता आणि मुलगी हतिजेचं लग्न लागोपाठ केलं, तेव्हा तर दोन्ही समारंभांच्या वर्णनांत गल्लत सहज होते. अशा शाही उत्सवांतले मोठे नहिल अरुंद गल्ल्यांत अडकत आणि त्यांच्या वाटेतली घरांची वळचण पाडावी लागे.

रंगही बघावा. लाल ओढणी जुनी. नवरीच्या पांढऱ्या पोशाखाची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. त्याआधीच्या म्हणून दाखवलेल्या चित्रात पांढरी नवरी असेल, तर चित्राचा काळ पुन्हा तपासावा.