सावलीची परीक्षा: कांगशीच्या दरबारातला फ्लेमिश ज्योतिर्विद

चीनच्या सम्राटाला ‘स्वर्गाचा पुत्र’ म्हणत असत आणि आकाशात पुढे काय घडणार आहे हे प्रजेला आधी सांगणे हा त्याच्या राजधर्माचा भाग होता. दरवर्षीचे पंचांग त्याच्या नावाने निघे, ते परस्पर छापणाऱ्याला जबर शिक्षा होई, आणि एखाद्या राज्याने चीनचे पंचांग स्वीकारले म्हणजे चीनचे वर्चस्व मान्य केले, असा त्याचा अर्थ घेतला जाई. त्यामुळे ग्रहणाची वेळ चुकली किंवा अधिक मास भलत्या जागी पडला, तर ती केवळ गणितज्ञांची नामुष्की ठरत नसे. घराण्यावरची स्वर्गाची मर्जी उडाली की काय, अशी कुजबुज सुरू व्हायला तेवढे पुरे होई. सतराव्या शतकात युरोपातून आलेल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना बीजिंगच्या दरबारात जी जागा मिळाली, तिच्या मुळाशी ही धास्ती होती. फर्डिनंड व्हर्बिस्ट हा फ्लेमिश ज्योतिर्विद त्यांच्यातलाच एक.

वाट पाडली ती मात्तेओ रिची या इटालियन पाद्र्याने. १५७८ मध्ये तो गोव्यात उतरला, गोवा आणि कोची येथे अध्ययन-अध्यापनात काही वर्षे काढून १५८२ मध्ये मकावला गेला आणि १६०१ मध्ये बीजिंगला पोहोचला. चीनमध्ये आरंभी त्याने बौद्ध भिक्षूंसारखा वेष घेतला होता. परंतु राज्यकारभार चालवणाऱ्या विद्वानांत भिक्षूंना फारसा मान नाही, हे ध्यानात आल्यावर त्याने कन्फ्यूशियन पंडिताचा पोशाख पत्करला. श्यू ग्वांगची या मोठ्या अधिकाऱ्याच्या साह्याने त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले, ते १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १६२९ च्या सूर्यग्रहणाचे श्यूने युरोपीय पद्धतीने वर्तवलेले भाकीत दरबारी ज्योतिर्विदांच्या भाकितांपेक्षा अचूक ठरले आणि पंचांगशुद्धीचे काम जेझुइटांच्या मदतीने सुरू झाले. १६४४ मध्ये मिंग घराणे कोसळून मांचूंचे चिंग घराणे सत्तेवर आले, तेव्हा योहान अ‍ॅडम शाल या जर्मन जेझुइटाने नव्या राज्यकर्त्यांसमोर त्याच वर्षीचे सूर्यग्रहण अचूक वर्तवले आणि राजज्योतिष कार्यालयाचे प्रमुखपद मिळवले.

हे पद मानाचे होते तितकेच धोक्याचेही होते. या कार्यालयाकडे ग्रहगणितासोबत शुभाशुभ दिवस काढण्याचे कामही असे. पाद्री म्हणून शालला मुहूर्तांवर विश्वास ठेवता येत नव्हता आणि अधिकारी म्हणून ते काढणारा विभाग त्याच्याच हाताखाली होता. यावरून त्याच्या स्वतःच्या संप्रदायातही त्याच्यावर टीका झाली. १६६४ मध्ये यांग ग्वांगशियान नावाच्या परंपरानिष्ठ पंडिताने शालवर राजद्रोहाचे आरोप ठेवले, आणि एका बाल राजपुत्राच्या दफनविधीसाठी अशुभ घटिका निवडली, हा त्यांतला एक होता. यांगची भूमिका त्याच्याच एका वाक्यात स्वच्छ दिसते: चीनला चांगले पंचांग नसले तरी चालेल, पण चीनमध्ये पाश्चात्य माणसे असता कामा नयेत. त्याला निव्वळ अडाणी ठरवणे सोपे आहे, पण परक्या धर्माच्या लोकांकडे राज्याचा असा कळीचा अधिकार सोपवावा का, हा त्याचा प्रश्न राजकीयदृष्ट्या मुळीच बाष्कळ नव्हता.

खटल्याच्या वेळी शाल पक्षाघाताने आजारी होता, त्याला धड बोलता येत नव्हते. त्याच्या वतीने बाजू मांडली ती १६२३ मध्ये फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियममध्ये) जन्मलेल्या फर्डिनंड व्हर्बिस्ट या तरुण सहकाऱ्याने. १६६५ मध्ये शालला अवयव तोडून मारण्याची शिक्षा झाली. त्याच सुमारास बीजिंगमध्ये भूकंप झाला, तो स्वर्गाचा इशारा मानला गेला आणि पाद्र्यांची सुटका झाली. कार्यालयातल्या पाच चिनी ख्रिस्ती ज्योतिर्विदांचे मात्र शिरच्छेद झाले. शाल पुढच्या वर्षी वारला, यांग कार्यालयाचा प्रमुख झाला आणि जुने चिनी गणित परत आले.

डिसेंबर १६६८ मध्ये कांगशी सम्राट अवघा चौदा वर्षांचा होता आणि खरी सत्ता अजून राज्यपालक सरदारांच्या हाती होती. पुढील वर्षाच्या पंचांगात चुका आहेत असे व्हर्बिस्टने दाखवल्यावर, खरे कोण हे कसे ठरवायचे, असा प्रश्न उभा राहिला. व्हर्बिस्टने सुचवलेली कसोटी फार साधी होती. सपाट जागी एक शंकू, म्हणजे सावली मोजण्याचा उभा खांब, रोवायचा, ठरलेल्या दिवशी माध्यान्ही त्याची सावली नेमकी कुठपर्यंत येईल ते आदल्या दिवशीच सांगून खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी पाहायचे. यांग आणि त्याचा सहकारी वू मिंगश्युआन यांना हे गणित करता आले नाही. बड्या अधिकाऱ्यांच्या साक्षीने महिन्याच्या अखेरीस लागोपाठ तीन दिवस परीक्षा झाली आणि तिन्ही दिवशी सावली व्हर्बिस्टने केलेल्या खुणेवर येऊन थांबली.

या गणितात गूढ काहीच नाही. बीजिंगचा अक्षांश सुमारे ३९.९ अंश उत्तर आहे आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २३.३ अंशांवर असतो. ही दोन्ही मापे ९० अंशांतून वजा केली की माध्यान्हीच्या सूर्याची उंची २६.८ अंश निघते आणि त्या कोनाला सावली शंकूच्या उंचीच्या दुपटीहून जराशी कमी पडते. खरी अडचण सूक्ष्मतेची असते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात जवळजवळ अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर होते. आठ फुटी शंकूच्या बाबतीत ही धूसर पट्टी तीन-चार इंचांची तरी भरते. शिवाय अयनबिंदूजवळ, म्हणजे सूर्य दक्षिणेला सर्वांत दूर असतो त्या सुमारास, त्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर) रोज अगदी थोडी बदलते, तेव्हा कालची सावली मोजून आजची सांगणे कोणालाही जमले असते. शंकूची उंची रोज वेगळी ठेवल्यामुळे ही पळवाट बंद झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण पाश्चात्य विज्ञानाचा विजय म्हणून या प्रसंगाची वर्णने होतात तेव्हा ती गाळली जाते. व्हर्बिस्टच्या मते पृथ्वी स्थिर होती. रोमच्या चर्चने १६१६ मध्ये कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री मताला मनाई केल्यापासून चीनमधले जेझुइट टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाची रचना वापरत: ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्या सर्वांना घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. कोन आणि दिशा यांच्यापुरते पाहिले तर ही रचना आणि सूर्यकेंद्री रचना यांत काहीच फरक पडत नाही; कोण कोणाभोवती फिरते हे उलटे घेतले तरी पृथ्वीवरून सूर्य दिसतो तिथेच दिसतो. फेब्रुवारी १६६९ मध्ये सूर्य आणि काही ग्रहांच्या स्थानांवर दुसरी परीक्षा झाली, तीही व्हर्बिस्टने जिंकली. त्यातून सिद्ध झाली ती युरोपीय कोष्टकांची अचूकता, युरोपीय विश्वरचना नव्हे. पंचांगाचे काम व्हर्बिस्टकडे आले, शालची बदनामी मरणोत्तर पुसली गेली. यांगला मृत्युदंड झाला, वयाकडे पाहून तो माफ झाला आणि गावी परतत असताना वाटेत तो वारला.

लगेचच अधिक मासाचा वाद उपटला. मराठी वाचकाला तो समजायला जड जाऊ नये, कारण नियम आपल्या ओळखीचा आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो आपल्याकडे अधिक मास. चीनमध्येही क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गावर, तीस-तीस अंशांवर बारा बिंदू धरतात आणि ज्या चांद्रमासात सूर्य यांपैकी एकाही बिंदूवर येत नाही तो अधिक ठरतो. आपण निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) राशी घेतो, तिथे सायन (वसंतसंपातापासूनची) गणना आहे, इतकाच मुख्य फरक. प्रश्न असा की हे बिंदू काढायचे कसे? जुने चिनी गणित वर्षाच्या दिवसांचे सरळ बारा समान भाग करी, प्रत्येकी सुमारे ३०.४४ दिवसांचे. पण सूर्याची भासमान गती वर्षभर सारखी नसते. डिसेंबर-जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आणि म्हणून सर्वाधिक वेगात असते, तेव्हा तीस अंश चालायला साडेएकोणतीस दिवसही पुरतात. जून-जुलैत साडेएकतीस लागतात. जेझुइटांनी १६४५ पासून ही खरी, स्पष्ट गती धरली होती, यांगने ती रद्द करून सरासरी गती परत आणली होती.

या दोन रीतींत हिवाळ्यातल्या बिंदूंचा दोन-एक दिवसांचा फरक पडतो आणि नेमका तेवढाच फरक निर्णायक ठरला. सरासरी गणितानुसार कांगशीच्या आठव्या राज्यवर्षाच्या शेवटी, बाराव्या महिन्यानंतर, अधिक मास येत होता. व्हर्बिस्टने दाखवले की सूर्य ३३० अंशांच्या बिंदूवर त्याच महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी पोहोचतो. तेव्हा तो महिना अधिक नाही, तो नवव्या वर्षाचा पहिला महिना आहे, आणि अधिक मास त्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्यानंतर घालायला हवा. सम्राटाच्या नावाने जाहीर झालेल्या पंचांगातला अख्खा महिना मागे घेणे ही दरबाराला फार अवघड गोष्ट होती, पण अखेर तो मागे घेतला गेला.

कांगशीवर या साऱ्याचा खोल परिणाम झाला. उतारवयात त्याने सांगितले आहे की जमलेल्या मंत्र्यांपैकी एकालाही सावलीचे गणित कळत नव्हते, आणि जे आपल्याला समजत नाही त्याचा न्याय आपण कसा करणार, या विचाराने तो गणित शिकू लागला. काही महिने व्हर्बिस्ट रोज राजवाड्यात जाऊन त्याला भूमिती व ज्योतिष शिकवत होता. सम्राटाच्या आज्ञेवरून व्हर्बिस्टने बीजिंगच्या १४४२ सालच्या जुन्या वेधशाळेसाठी १६७३ पर्यंत काशाची सहा मोठी यंत्रे घडवली. त्यांवर वर्तुळाचे ३६० अंश आखलेले आहेत. जुन्या चिनी रीतीत ते ३६५ आणि पाव धरत. घडण टायकोच्या नमुन्याची, आधार देणारे ड्रॅगन मात्र अस्सल चिनी. युरोपात दुर्बिणीला अर्धशतक उलटून गेले असताना या यंत्रांत एकही दुर्बीण नसावी, हे मला जरा खटकते.

याखेरीज त्याने सैन्यासाठी तोफा ओतल्या, वाफेच्या झोताने चालणारी लहानशी गाडी करून पाहिली आणि १६८२ मध्ये सम्राटाबरोबर मांचुरियाच्या प्रवासात वेधयंत्रे घेऊन फिरला. मूळ हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. ज्योतिषाच्या मागोमाग ख्रिस्ती धर्म दरबारात येईल, असा त्याचा हिशेब होता. १६८३ मध्ये त्याने अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतले तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान साठ खंडांत चिनी भाषेत मांडून सम्राटाला सादर केले आणि ते राजाज्ञेने छापले जावे अशी विनंती केली. जे मोजून पाहता येते ते स्वीकारणाऱ्या दरबाराने हा ग्रंथ मात्र परत केला. माणसाचे ज्ञान व स्मृती मेंदूत असते, हे त्यातले प्रतिपादन दरबाराला उघड चूक वाटले, कारण चिनी परंपरेत ते स्थान हृदयाचे होते. या बाबतीत बरोबर होता तो व्हर्बिस्टच. फक्त अंगणात शंकू रोवून ते दाखवण्याची सोय नव्हती.

जानेवारी १६८८ मध्ये तो बीजिंगमध्ये वारला. पूर्वजांच्या पूजेवरून रोम आणि चीन यांच्यात पुढे जो वाद पेटला, त्याच्या परिणामी कांगशीने आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मप्रचारावर बंदी घातली. सूर्याच्या स्पष्ट गतीचे गणित मात्र टिकले आणि चिनी नववर्षाचा दिवस आजही त्याच रीतीने निघतो. या रीतीची एक किंमत आहे: हिवाळ्यात सूर्य इतका वेगात असतो की एकाच चांद्रमासात दोन बिंदू येऊ शकतात, जसा आपल्याकडे दोन संक्रांतींमुळे मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत क्षयमास पडतो. २०३३-३४ च्या हिवाळ्यात चिनी पंचांगात अशीच गुंतागुंत होणार आहे. आधी छापलेल्या काही कोष्टकांत २०३३ चा अधिक मास सातव्या महिन्यानंतर दिला होता. नियम काटेकोर लावल्यावर तो अकराव्यानंतर यायला हवा असे लक्षात आले, आणि कोष्टके दुरुस्त करावी लागली.