खडीतले गोल दगड आणि मुलांचे प्रश्न

पर्वरी, फोंडा, मडगाव इथल्या नव्या वसाहतींत बागेच्या कडेला खडी आणि गोटे पसरलेले असतात. मुलांना तिथे मोकळं सोडलं की कुणीतरी गोल दगड उचलून आणतंच आणि विचारतं, ‘‘हे डायनासोरचं अंडं आहे का?’’ हा प्रश्न हसून उडवून लावू नये. गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोलीत १९८०च्या दशकात चुनखडकातून असेच गोल दगड निघाले आणि ती खरोखरच डायनासोरची अंडी ठरली.

गोव्यात मात्र आधी विचारायचं ते हे, की दगड मूळचा कुठला? बागेतली खडी ट्रकने येते, कधी शेजारच्या खाणीतून, कधी थेट राजस्थानातून.

इथल्या मातीतला अस्सल गोल दगड अगदी लहान असतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, किंवा चिरेखाणीच्या तोंडाशी वाटाण्याएवढ्या, गंजाच्या रंगाच्या गोळ्या विखुरलेल्या दिसतात. त्यातली एक जाड फडक्यात गुंडाळून मोठ्या माणसाने हातोडीने फोडावी. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, मधे एखादा कण. जांभा बनतो तेव्हा पावसाचं पाणी मुरून खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं निघून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. पावसाळ्यात भूजल वर चढतं, उन्हाळ्यात खाली जातं. या चढउतारात लोह थोडं थोडं सरकतं आणि एखाद्या कणाभोवती थरावर थर बसत जातात. फरशीच्या खरबरीत पाठीवर ही गोळी घासली तर लालसर रेघ म्हणजे हेमॅटाइट, पिवळट तपकिरी म्हणजे गोएथाइट; दोन्ही लोहाची खनिजं. मुलांना हा प्रयोग भारी आवडतो, आणि तो खराखुरा भूशास्त्राचा प्रयोग आहे.

आता जीवाश्म. गोव्याचा बराचसा मूळ खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, शिवाय उष्णतेने आणि दाबाने पार बदललेला. शंखशिंपल्यांचे प्राणी अवतरले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणून या खडकात शिंपला मिळणार नाही. पण फरशीचे पिवळे तुकडे जैसलमेरचे असतील तर नीट बघा. ते सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचले. त्यांत शिंपल्यांचे आडवे छेद, क्वचित अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या शंखाचं वेटोळंही दिसतं. दगड किंचित खरवडून त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाकले आणि बुडबुडे आले, तर तो चुनखडक.

दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर मात्र घाई नको. ती बहुतेक वेळा फटीत शिरलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडची असते. वनस्पतीशी तिचा संबंध नाही.

गोल दगड आणि जीवाश्म एकाच गोळ्यात भेटतात ते खोल समुद्रात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून असे बहुधातुक, म्हणजे अनेक धातू असलेले, गोटे वर आणले. ते दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि काहींच्या मध्यभागी शार्कचा दात असतो.

मुलांनी दगड घरी आणला की सोबत एक चिठ्ठी ठेवायला सांगा: कुठे सापडला, कधी, आणि ती खडी कोणत्या खाणीची. ट्रकवाल्याला विचारलं तर तो सहसा सांगतो.