भूमिकाखेळांवर आधारित अद्‌भुतपटांतील भावगर्भता

टेबलाभोवती बसून, फासे टाकत तोंडी रंगवलेल्या भूमिकाखेळांवरून निघालेल्या साहसपटांतील भावनिक अंग.

मूळ खेळाच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाचे गायगॅक्स सहलेखक; नियमांची मांडणीही बव्हंशी त्यांचीच मानतात. मात्र एका खेळाडूने एकच पात्र पत्करून ते बैठकीमागून बैठक वाढवायचे, ही रीत आर्नसन यांच्या मिनेसोटातील ‘ब्लॅकमूर’ या खेळमोहिमेत रुजली, तिच्यामागे डेव्हिड वेस्ली यांचा १९६९ च्या सुमाराचा ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ होता. मानधनावरून आर्नसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. काही अभ्यासक वंशावळ प्रशियातील क्रीगस्पील या लष्करी सरावखेळापर्यंत नेतात. भावनेपुरते पाहता आर्नसनपक्ष अधिक ग्राह्य वाटतो: पटावरची तुकडी गेली तर डाव जातो, वर्षभर सांभाळलेले पात्र गेले तर जीव हळहळतो.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मरणासन्न पात्रासाठी दर पाळीला वीस बाजूंचा फासा पडतो. १० वा अधिक म्हणजे यश. तीन यशे आधी की तीन अपयशे, यावर त्याचा जीव. नागपूरच्या टेबलावर नियम इंग्रजीत वाचले जातात, पण या घडीला तोंडून निघते ते ‘दहा पाड ना बे!’ नागपूर-भंडाऱ्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यातही बोलणे असेच आयत्या वेळी फुलते. आपल्याकडे ही जातकुळी परकी नाही.

या खेळावरच्या २००० च्या पहिल्या चित्रपटात हा जिव्हाळा उतरला नाही. जोनाथन गोल्डस्टीन व जॉन फ्रान्सिस डेली दिग्दर्शित ‘ऑनर अमंग थीव्ज’मध्ये (२०२३) तो उतरला, आणि त्याचे कारण नियमातच सापडते. खेळात मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्रासाठी ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा लागतो. ऐपत असेल तर पुन्हापुन्हा. चित्रपटातली मेलेल्याला उठवणारी मंत्रपाटी एकदाच चालते. मेलेल्या बायकोला परत आणायचे या एका ध्यासाने नायक एडगिन तिच्यामागे लागतो, तुरुंग भोगतो, मुलीला दुरावतो. पाटी हाती असते तेव्हा त्याच्यासोबत मुलीला लहानाची मोठी करणारी होल्गा पुढ्यात मरून पडलेली असते. मुलीला आई आठवते ती होल्गाच. एडगिन पाटी होल्गावर चालवतो.