रेघ सरकली तेव्हा कोण टिकलं?

1951 साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने एका माणसापायी मैदानावरच्या रेघा पुसून नव्याने आखल्या. मिनियापोलिस लेकर्स संघाचा जॉर्ज मायकन 6 फूट 10 इंच उंच होता. रिंगजवळ ठाण मांडायचं, पास घ्यायचा आणि वळून चेंडू आत सोडायचा, हा त्याचा खेळ. रिंगसमोरच्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्या खेळाडूला 3 सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पण तो पट्टा तेव्हा जेमतेम 6 फूट रुंद होता, त्यामुळे मायकन नियम न मोडताही रिंगला चिकटूनच असायचा. लीगने पट्टा 12 फुटांचा केला. आदल्या हंगामात सामन्यामागे 28.4 गुण करणारा मायकन पुढच्या हंगामात 23.8 वर आला.

1964 मध्ये पट्टा पुन्हा रुंदावला, 12 फुटांवरून 16 फुटांवर. या वेळचं कारण होतं 7 फूट 1 इंचाचा विल्ट चेंबरलेन. त्याची सरासरी 36.9 वरून 34.7 झाली. त्यातही हंगामाच्या मध्यावर त्याला संघ बदलावा लागला होता, हे विसरून चालणार नाही.

जुने दिग्गज आजच्या बास्केटबॉलमध्ये टिकले असते का, हा वाद बहुतेक वेळा आवडीनिवडीवर लढला जातो. मला मात्र या दोन रेघा फार मोलाच्या वाटतात, कारण इथे प्रयोग आपोआप घडून गेला आहे. खेळाडू तोच, रिंगची उंची तीच, आणि परिस्थितीतली एक गोष्ट बदलली. मायकनचे जवळजवळ पाच गुण गेले, चेंबरलेनचे दोन. पहिल्याचा खेळ जागेवर उभा होता, दुसऱ्याचा शरीरावर आणि कौशल्यावर.

मायकनच्या बाबतीत आणखी एक पुरावा आहे. नोव्हेंबर 1950 मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने त्याच्या संघाला 19-18 असं हरवलं. पूर्ण सामन्याचा स्कोअर हा! पिस्टन्सनी चेंडू नुसता हातात धरून ठेवला होता. असे रटाळ सामने थांबावेत म्हणून 1954 पासून 24 सेकंदांत शॉट घेणं सक्तीचं झालं आणि खेळ धावू लागला. मायकन त्याच सुमारास निवृत्त झाला होता. 1955-56 मध्ये तो परतला, 37 सामने खेळला आणि त्याची सरासरी निघाली 10.5. तिशी उलटली होती, शरीर झिजलं होतं, त्यामुळे सगळा दोष घड्याळाला देता येत नाही. तरी माझं मत असं की, तो जसा होता तसाच आज मैदानात उतरला असता तर त्याला रिंगपासून दूर खेचून दमवलं असतं.

आता चेंबरलेनचे आकडे. 1961-62 मध्ये त्याने सामन्यामागे 50.4 गुण आणि 25.7 रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेले चेंडू) काढले. हे आकडे पाहून कुणी हात जोडतं, कुणी खोटेच म्हणतं. दोन्ही करण्याआधी थोडं गणित करावं. तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी 108 शॉट मारायचा, आज सुमारे 89. तेव्हा शॉट चुकायचेही जास्त, म्हणून एका संघाला सुमारे 70 रिबाउंड मिळायचे, आज 44 च्या आसपास. शिवाय तो सामन्यामागे 48.5 मिनिटं खेळला, म्हणजे जादा वेळ धरून जवळजवळ प्रत्येक सामना पूर्ण. आजचा मोठा खेळाडू 36 मिनिटांच्या आसपास खेळतो. या प्रमाणात आकडे आटवले तर उरतात साधारण 30 गुण आणि 12 रिबाउंड. अविश्वसनीय भाग गळून गेला, पण जे उरलं ते आजही लीगमधल्या पहिल्या काही जणांत बसणारं आहे.

अर्थात या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे, ते म्हणजे समोरचे खेळाडू तितकेच चांगले. ते नव्हते. तेव्हा एनबीएमध्ये 9 संघ होते, आज 30 आहेत. पन्नाशीच्या दशकात तर संघात कृष्णवर्णीय खेळाडू किती घ्यायचे यावर अलिखित मर्यादा होत्या. आज लीगमध्ये परदेशी खेळाडूच सव्वाशेच्या आसपास आहेत आणि 2019 ते 2025 या सातही वर्षांचा सर्वोत्तम खेळाडूचा मान अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांना मिळाला. उत्क्रांतीचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी बेसबॉलच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की, खेळाचा एकूण दर्जा वाढतो तसं सर्वोत्तम आणि सरासरी यांतलं अंतर कमी होतं. म्हणून 30 हा आकडा वरची मर्यादा समजावा.

पण किती खाली यावं? इथे खेळाडूंची साखळी कामी येते. करीम अब्दुल-जब्बार 1969 मध्ये लीगमध्ये आला आणि चेंबरलेनविरुद्ध खेळला. 1972 मध्ये 35 वर्षांच्या चेंबरलेनच्या लेकर्सनी करीमच्या बक्स संघाला हरवलं आणि पुढे विजेतेपद जिंकलं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू चेंबरलेनच ठरला. हाच करीम 1985 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू होता. पुढच्या हंगामात त्याची सरासरी 23.4 होती आणि तेव्हा समोर तरुण हकीम ओलाजुवान होता. हकीम 2002 पर्यंत खेळला, डर्क नोवित्स्कीसमोरही. नोवित्स्की 2019 पर्यंत, निकोला योकिचसमोरही. या साखळीत कुठेही असा कडा दिसत नाही, जिथे नवी पिढी आली आणि जुने महान खेळाडू एकदम कुचकामी ठरले. सामान्य खेळाडूंचा दर्जा वाढला, शिखर मात्र हळूहळूच वर सरकलं.

नेमबाजीचं काय? आज संघ सामन्यामागे 37 च्या आसपास थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या एका रेघेमागून घेतलेले तीन गुणांचे शॉट, मारतात. ही रेघ एनबीएत आली 1979 मध्ये, आणि पहिल्या हंगामात सरासरी होती 3 हूनही कमी. मग जुन्यांना नेम नव्हता का? याची परीक्षा फ्री थ्रोवर घेता येते, कारण फाउल झाल्यावर 15 फुटांवरून, समोर कुणी आडवं नसताना मारायचा हा एका गुणाचा शॉट पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. रिंगचा व्यास सुमारे 46 सेंटिमीटर, चेंडूचा 24. चेंडू 45 अंशांत खाली आला तर त्याला वाट मिळते सुमारे 32 सेंटिमीटरची. 30 अंशांत आला तर 23 ची, म्हणजे कडेला न लागता तो आत जाऊच शकत नाही. हे भौतिकशास्त्र 1955 मध्येही हेच होतं. लीगची फ्री थ्रोची टक्केवारी 1973-74 मध्ये 77 होती, आज ती 78 च्या आसपास आहे. पन्नास वर्षांचं शास्त्र, आहार, व्हिडिओ, आणि फरक जेमतेम एका टक्क्याचा! पन्नाशीच्या दशकातल्या बिल शारमनने तर कारकिर्दीत 88 टक्के फ्री थ्रो टाकले. त्याला लहानपणापासून थ्री-पॉइंटची रेघ मिळाली असती, तर तो तिच्यामागून आजच्या कुणाइतकाच धोकादायक ठरला असता, याबद्दल मला शंका नाही.

चेंबरलेनची खरी अडचण इथेच आहे. त्याची कारकिर्दीतली फ्री थ्रोची टक्केवारी 51. दोन फ्री थ्रोंमागे त्याला सरासरी 1.02 गुण मिळाले असते, तर आजचा संघ चेंडू ताब्यात आला की सरासरी 1.1 हून अधिक गुण करतो. म्हणजे त्याला शॉट मारू देण्यापेक्षा मुद्दाम फाउल करणं स्वस्त. वाईट याचं वाटतं की उपाय त्याच्या हातात होता. 1961-62 मध्ये तो फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी झुलवून टाकायचा. त्या वर्षी त्याची टक्केवारी 61 झाली, कारकिर्दीतली सर्वांत चांगली. 100 गुणांच्या प्रसिद्ध सामन्यात त्याने 32 पैकी 28 टाकले. पुढे ती पद्धत त्याने सोडून दिली.

तरी तो शिकणारा खेळाडू होता. गुणांचा ढीग रचणाऱ्या याच माणसाने 1967-68 मध्ये लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, दिले.

पण एकालाच आजच्या संघात घ्यायचं असेल तर मी बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला घेईन. 13 हंगामांत 11 विजेतेपदं हे कारण नाही, कारण ती संघाची असतात. 1956 मध्ये त्याने उंच उडीत 2.06 मीटर पार केले होते, तेही फॉसबरीची पाठीवरून जाणारी उडी जगासमोर येण्याच्या 12 वर्षं आधी. आज सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, नुसती रिंग राखून भागत नाही. थ्री-पॉइंटच्या रेघेपर्यंत धावत जाऊन चपळ गार्डला अडवायचं आणि लगेच मागे परतून शॉट अडवायचा, असं दुहेरी काम असतं. रसेल नेमका यासाठी घडलेला होता. अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी तो आपल्या गड्याकडे टोलवायचा, म्हणजे एका ब्लॉकमधून प्रतिहल्ला सुरू व्हायचा. त्याने असे किती शॉट अडवले हे कळायला मार्ग नाही, कारण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली 1973-74 मध्ये. त्याच्या निवृत्तीला तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती.