ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल आणि सकाळी आठचा आकडा

ठाण्यातल्या एका लॅबमध्ये रिपोर्टवर सह्या करणं हे माझं काम. 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये कॉर्टिसॉल या हार्मोनची तपासणी घुसल्यापासून एक फोन ठरलेला असतो: "सर, कॉर्टिसॉल 19 आलंय, रेंज 25 पर्यंत दिलीय. म्हणजे बॉर्डरलाच की! स्ट्रेस वाढलाय ना?" त्रास काय होतो विचारावं, तर मीटिंगच्या आधी धडधडतं, तळहात घामाने ओले होतात. म्हणजे तक्रार ॲड्रेनॅलिनची, तपासणी कॉर्टिसॉलची, आणि 'कॉर्टिसॉल म्हणजे स्ट्रेस' हा निष्कर्ष रीलमधून उचललेला.

ॲड्रेनॅलिन तुम्हाला चांगलं माहीत आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं असताना गाडी दुसऱ्याच फलाटावर येत असल्याची घोषणा झाली, की छातीत जे होतं ते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात ते तयार होतं. हुकूम थेट मज्जातंतूंतून येतो, काम सेकंदांत सुरू होतं आणि रक्तातलं निम्मं दोन-तीन मिनिटांत संपूनही जातं. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

कॉर्टिसॉल त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरात बनतं. पत्ता एकच, म्हणून गोंधळ. याला हुकूम मेंदूतून, त्याच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीमार्फत, रक्तातून येतो, त्यामुळे पातळी चढायलाच काही मिनिटं जातात. शिवाय ॲड्रेनॅलिन पेशीच्या बाहेरूनच दार वाजवतं, तर कॉर्टिसॉल पेशीत शिरून कोणते जनुक वाचायचे हेच बदलतं. त्याचा मुख्य परिणाम दिसायला तास लागतात. पुस्तकी वाटलं तर कॅज्युअल्टीत बघा. कोळंबी खाऊन कुणाचा घसा आवळला, रक्तदाब कोसळला, तर मांडीत पहिलं इंजेक्शन ॲड्रेनॅलिनचंच हवं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, म्हणजे औषधाच्या बाटलीतलं कॉर्टिसॉल, त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याचा गुण येईपर्यंत रुग्ण थांबणार नाही. तरी अजूनही "आधी स्टेरॉइड देऊ, बघू" म्हणणारे भेटतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

आता मुख्य मुद्दा. ॲड्रेनॅलिन प्रसंग बघून वाढतं. कॉर्टिसॉलही प्रसंगाला वाढतं, पण त्याआधी ते घड्याळ बघतं. तुम्ही सुखाने झोपलेले असताना, पहाटेपासूनच ते चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. ताण नसलेल्या माणसातही हे रोज घडतं. सकाळी आठची रेंज साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी ऐसपैस दिसते ती त्यामुळेच. सकाळी 19 आलं याचा अर्थ तुमच्या ग्रंथी व्यवस्थित चालतात, एवढाच. तोच 19 रात्री बारा वाजता, स्वस्थ पडलेल्या माणसात आला, तर मी खुर्चीत सरळ होऊन बसेन.

म्हणून डॉक्टर कॉर्टिसॉल *कमी* आहे का हे सकाळी तपासतात, कारण तेव्हा ते भरपूर असायलाच हवं. आणि *जास्त* आहे का हे रात्री, कारण तेव्हा ते जवळजवळ नसायला हवं. जास्तीचा संशय असेल तर मध्यरात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, चोवीस तासांची लघवी, किंवा रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या कृत्रिम स्टेरॉइडची 1 मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त. निरोगी माणसात ती गोळी उत्पादन बंद पाडते आणि आकडा 1.8 च्या खाली येतो. पॅकेजमध्ये मात्र सकाळी उपाशीपोटी शुगरसाठी सुई टोचलीच आहे, तर त्याच नळीतून कॉर्टिसॉलही काढायचं, असा हिशोब. जास्ती शोधायला याहून निरुपयोगी वेळ नाही.

रात्रपाळीवाल्यांचं तर विचारूच नका. ऐरोलीच्या आयटी पार्कातून मुलगी सकाळी सातला घरी येते, साडेआठला होम कलेक्शनवाला दारात हजर. बारकोडवर वेळ 8.30, सॉफ्टवेअर 8.30 ची रेंज छापून मोकळं. तिचं शरीर झोपायला निघालंय हे त्या कागदावर कुठेच नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर आतलं घड्याळ धड इकडे ना तिकडे. अशांना मध्यरात्रीची लाळेची तपासणीसुद्धा लावत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांची आणखी एक गंमत: त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, आणि रक्तातला एकूण आकडा उगाचच फुगतो. हे फॉर्मवर कुणी विचारत नाही.

मग ताणाचा आणि कॉर्टिसॉलचा संबंध नाही का? आहे, पण तो एका आकड्यात मावत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात लाळेचे नमुने दिवसातून अनेकदा घेतले, तेव्हा ज्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात नीट उतरत नव्हतं त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. महत्त्वाचा होता तो उतार. आणि मोठ्या आघातानंतर पीटीएसडी हा मानसिक आजार झालेल्या रुग्णांत बऱ्याच अभ्यासांनी कॉर्टिसॉल उलट कमी नोंदवलंय. तेव्हा कॉर्टिसॉल उतरवायला अश्वगंधा घ्यायची की नाही हा वाद वेगळा घाला, माझ्या रिपोर्टचा कागद मध्ये आणू नका.

'कॉर्टिसॉल फेस', म्हणजे तोंड सुजलं की कॉर्टिसॉल वाढलंय हा रील्समधला समज, हे माझं आणखी एक दुखणं. सकाळी तोंड सुजलेलं दिसतं ते बहुतेकदा रात्रीच्या शेजवान राइसमधल्या मिठाने आणि अपुऱ्या झोपेने. खरा अतिरेक, म्हणजे कुशिंग सिंड्रोम, वेगळाच दिसतो: खाली बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, जरा लागलं की काळंनिळं पडतं, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे उमटतात. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी 1912 मध्ये असा रुग्ण नोंदवला. पिट्यूटरीतल्या गाठीमुळे होणारा हा आजार दुर्मीळ आहे. आपल्याकडे असा चेहरा दिसला तर मी आधी औषधांची पिशवी मागवतो. गुडघ्यांसाठी कुणी दिलेली बिननावाची पुडी, चिठ्ठीशिवाय वर्षभर चाललेल्या दम्याच्या गोळ्या, 'गोरेपणाची' क्रीम, यात स्टेरॉइड निघतं.

आणि इथे पॅकेजवाले पुरते फसतात. चेहरा गोल, पोट सुटलेलं, आणि सकाळचं कॉर्टिसॉल 1.4! बाहेरून डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन येत राहिलं की स्वतःची ग्रंथी काम थांबवते, आणि मशीनला ही कृत्रिम स्टेरॉइड्स कॉर्टिसॉल म्हणून सहसा दिसत नाहीत. नातेवाईक म्हणतात, "चला, स्ट्रेस तरी नाही." मग कुणीतरी 'केमिकल नको' म्हणून पुडी एकदम बंद करतं, आणि चार दिवसांनी साध्या जुलाब-तापात माणूस रक्तदाब कोसळून आयसीयूत जातो. पुडी बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. सकाळचा आकडा 3 च्या खाली दिसला, की मी रिपोर्ट अपलोड व्हायची वाट बघत नाही. आधी डॉक्टरांना फोन लावतो, मग पेशंटच्या घरी, आणि पहिला प्रश्न पुडीचाच असतो.