मुलांचं नैराश्य: मोठ्यांच्या मापाने मोजलेला आजार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं मनाच्या आजारासाठी धारवाड गाठतात, ते आजचं नाही. तिथलं मनोरुग्णालय १८४५ सालचं; हा सारा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पण दहा वर्षांच्या पोरालाही नैराश्य येतं, हे युरोपातल्या डॉक्टरांनाच मुळात उशिरा पटलं. स्वतःला दोष देणारं मन मुलात अजून घडलेलं नसतं, मग नैराश्य येणार कुठून, असं मनोविश्लेषणवाले, म्हणजे फ्रॉइडच्या पंथातले डॉक्टर, म्हणत. १९७१ साली स्टॉकहोमच्या परिषदेत युरोपातल्या बालमनोविकारतज्ज्ञांनी ते असतं हे मान्य केलं. आपल्याकडे अजूनही शाळेच्या वेळेला पोट दुखतं, डबा तसाच परत येतो, दप्तर भिरकावलं जातं. हे नैराश्य असेल असं कुणाच्या मनात येत नाही; घरचे म्हणतात पोर आडमुठं झालंय, आणि आजी अंगारा लावते.

या आजाराच्या जीवशास्त्राचा एक धागा सह्याद्रीतही उगवणाऱ्या सर्पगंधेपर्यंत जातो. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी वेडावर, १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबावर तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. प्राण्यांच्या मेंदूत त्याने सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन ही मेंदूपेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं घटलेली दिसली. उलट हीच रसायनं वाढवणाऱ्या, क्षयावरच्या आयप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांना हुरूप येई. रसायनं कमी म्हणजे नैराश्य, असं गणित बसलं.

मुलांनी ते विस्कटलं. मोठ्यांना लागू पडणाऱ्या इमिप्रामिनसारख्या गोळ्या लहानग्यांत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरेनात. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाच्या आणि झोपेच्या चाचण्यांतही मोठ्यांसारखी ठळक चिन्हं मिळेनात. वयात येण्याआधी मुलगे-मुली साधारण सारखेच आजारी पडतात, नंतर मुली जवळपास दुप्पट. म्हणजे वाढता मेंदू, संप्रेरकं आणि घरातला ताण यांना सोडून हिशेब लागत नाही. आनुवंशिकता आहेच, पण सेरोटोनिनशी निगडित एका जनुकाबद्दल २००३मध्ये गाजलेला दावा पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही. मला तरी त्याचं नवल वाटलं नाही.

१९९७मध्ये फ्लुऑक्सेटिन ही सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची गोळी मुलांत प्रथम ठळकपणे उपयोगी ठरली. २००४ साली अमेरिकेने नैराश्याच्या सगळ्या गोळ्यांवर इशारा छापायला लावला: चाचण्यांत गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या सुमारे चार मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, साखरेच्या गोळीवर दोघांत. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे डॉक्टर वरचेवर बोलावतात. खानापूरच्या आतल्या गावाहून बस बदलत येणाऱ्या बापाला तो हेलपाटा वाटतो. पण नेमकी तीच फेरी चुकवायची नसते.